आइसलँडचा दक्षिण किनारा: सगळं वाऱ्याच्या हातात

आइसलँडमध्ये भाड्याची गाडी ताब्यात देताना आधी ओरखडे, टायर, पेट्रोल हे नेहमीचं होतं आणि मग दरवाजाचा विषय निघतो. दरवाजा दोन्ही हातांनी धरून उघडा, म्हणतात. हसू येतं. पण तिथल्या वाऱ्याच्या एका झोताने दरवाजा उलटा वळतो, बिजागरी वाकते आणि बऱ्याच विम्यांत हे नुकसान बसत नाही. उडत्या वाळूने रंग खरवडला तर त्यासाठी विमाही वेगळाच घ्यावा लागतो. म्हणून गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करायचं, म्हणजे वारा दरवाजा उघडण्याऐवजी दाबून धरतो. आणि दोन बाजूंचे दरवाजे एकाच वेळी उघडायचे नाहीत, नाहीतर गाडीतले कागद, टोप्या, वेफर्सची पाकिटं थेट अटलांटिकच्या दिशेने जातात.

रेक्याविकमधून निघून एक नंबरचा हमरस्ता पकडला की सव्वाशे किलोमीटरवर सेल्यालान्सफॉस हा धबधबा, पुढे तीसेक किलोमीटरवर स्कोगाफॉस हा आणखी एक, मग वीक हे गाव, आणि वीकपासून साधारण 190 किलोमीटरवर योकुल्सारलोन हे हिमनगांचं तळं. देशाच्या जाहिरातीत दिसणारं निम्मं आइसलँड या एका रस्त्याला लागून आहे. त्यामुळे ट्रेक नको, गाईड नको, उन्हाळ्यात चारही चाकांना ताकद देणारी (4x4) गाडीही नको. लोकांना वाटतं की मग हे एका दिवसात होईल. रेक्याविकहून योकुल्सारलोनला जाऊन येणं म्हणजे साडेसातशे किलोमीटर. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 90. म्हणजे दहा तास नुसतं बसणं आणि प्रत्येक धबधब्यापाशी वीस मिनिटं. हा बेत मला अजिबात पटत नाही. एक रात्र वीकच्या पुढे काढावी, दोन काढल्या तर उत्तमच. जून-जुलैत रात्री अकरालाही वाचता येईल इतका उजेड असतो. टूरच्या बस साधारण अकरा ते चारच्या दरम्यान येतात. मुक्काम जवळ असेल तर जेवून आठ वाजता पुन्हा बाहेर पडता येतं. तेव्हा पार्किंगही मोकळं आणि ऊनही तिरपं.

सेल्यालान्सफॉस साठेक मीटर उंचीचा. त्याच्या मागून चालता येतं म्हणून तो प्रसिद्ध. तोंड पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सकाळी तो सावलीत आणि मलूल असतो. संध्याकाळी उन्हं समोरून येतात आणि मागे उभं राहिलं की पाण्याच्या पडद्यातून सूर्य दिसतो. पश्चिमेचा वारा असेल तर सगळे तुषार आत, थेट तोंडावर. पावसाळी जॅकेट सगळेच घालतात, पॅन्ट विसरतात आणि मग उरलेला दिवस ओल्या जीन्समध्ये कुडकुडतात. छत्री गाडीतच ठेवा, किंबहुना घरीच. भिंगावरचे थेंब पुसायला दोन-तीन कोरडी सुती फडकी वेगवेगळ्या खिशांत हवीत, कारण पहिलं पाच मिनिटांत भिजतं. मागच्या वाटेवर हिवाळ्यात बर्फ साचतो आणि ती बंद करतात. साखळी ओलांडून जाणारे वीर असतातच. तिथून डावीकडे कड्याच्या कडेने थोडं चाललं की ग्ल्युफ्राबुई हा दुसरा धबधबा कपारीत लपलेला आहे. ओढ्यातल्या दगडांवरून आत शिरावं लागतं, बूट भिजतात. तरी तो पहिल्यापेक्षा मला जास्त आवडतो.

स्कोगाफॉसला लोक इंद्रधनुष्यासाठी जातात, आणि ते का दिसत नाही म्हणून खट्टू होतात. त्याचं गणित सरळ आहे. इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेभोवती 42 अंशांवर पडतं. सूर्य 42 अंशांहून वर चढला की ते जमिनीच्या पातळीखाली जातं. जूनमध्ये तिथे भर दुपारी सूर्य जवळपास 50 अंशांवर असतो, आणि तिथली खरी दुपार घड्याळात सव्वा-दीडला होते. म्हणजे जूनमधल्या निरभ्र दुपारी एकला खाली उभं राहून काही दिसणार नाही. सकाळी साडेदहाच्या आधी किंवा दुपारी चारनंतर, ऊन पाठीवर घेऊन उभं राहा. भर दुपारी पोचलातच तर शेजारच्या पाचशेच्या वर पायऱ्या चढून वरून तुषारांत बघा, तिथून धनुष्य खाली सापडू शकतं. डिसेंबरात उलट प्रकार: सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजावर जेमतेम तीन अंश येतो, दिवस चार-पाच तासांचा, पण जो काही प्रकाश असतो तो सगळाच सोनेरी.

सोल्हेमासान्दुर या काळ्या वाळूच्या मैदानावर 1973 साली उतरलेल्या अमेरिकी नौदलाच्या विमानाचा सांगाडा आहे. माणसं सगळी वाचली. पार्किंगपासून जवळपास चार किलोमीटर सपाट काळ्या वाळूतून जायचं आणि तेवढंच परत. वाटेत आडोसा शून्य. वेळ कमी असेल तर हे खुशाल गाळा.

आता रेनिसफ्यारा. वीकच्या शेजारचा काळा किनारा, मागे बसाल्टचे खांब, समुद्रात उभे सुळके. तिथली लोककथा सांगते की दोन राक्षस रात्री जहाज ओढत होते, उजाडलं आणि त्यांचे दगड झाले. खांबांचं नवल मराठी माणसाला कमी वाटायला हवं. लाव्हा थंड होताना आकसतो, तडे जातात आणि षट्कोनी खांब बनतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल याच प्रक्रियेतून झालेली, 61 मीटर उंच आणि साडेसहा कोटी वर्षांहून जुनी. तिच्याकडे आपण इमारतींच्या आडून बघतो. आणि फोटो काढायला रेनिसफ्याराला जातो.

आणि फोटो काढतानाच लोक मरतात. या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत अनेक पर्यटक लाटांनी ओढून नेले आहेत, 2025 च्या ऑगस्टमध्ये एका नऊ वर्षांच्या मुलीसकट. कारण समजून घ्यायला हवं, कारण डोळ्यांना तिथे धोका दिसतच नाही. दक्षिणेकडे अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नाही, त्यामुळे दूरच्या वादळात उठलेल्या लाटा पूर्ण जोरानिशी इथे पोचतात. किनारा पाण्याखाली लगेच खोल होतो, म्हणून त्या आधी फुटून दमत नाहीत. आठ-दहा लाटा शहाण्यासारख्या येतात, माणूस मनात रेघ ओढतो की पाणी इथवरच येतं. मग दोन लाटा एकमेकींवर चढतात आणि पाणी त्या रेघेच्या पुढे वीस-तीस मीटर धावतं. गुडघ्याइतक्या पाण्यातही माणूस आडवा होतो. ते परतताना पायाखालची खडी-वाळू घेऊन जातं, पाय टेकायला काही उरत नाही. पाणी बर्फासारखं गार, अंगावर जाड कपडे, आणि पोहून वाचवायला कुणी जाऊ शकत नाही, जाऊही नये.

पार्किंगवरून खाली उतरणाऱ्या वाटेवर फलक आणि इशाऱ्याचे दिवे आहेत. लाटांच्या अंदाजावरून ते हिरवे, पिवळे किंवा लाल होतात. लाल असताना फलकाच्या पुढे जायचं नाही, एवढी साधी गोष्ट. आणि तिथे उभं राहून बघितलं की माणसं त्या फलकाचाच फोटो काढून पुढे चालू लागतात. सर्वांत संताप येतो तो समुद्राकडे पाठ करून उभ्या राहणाऱ्यांचा. नवरा फोनमध्ये बघतोय, बायको ओढणी उडवतेय, पोर पाण्याशी शिवाशिवी खेळतंय. तिघांतलं एकही समुद्राकडे बघत नाही. कुणी हटकलं तर उत्तर मिळतं, "एकच मिनिट." भारतीयच असं करतात असं नाही, या बाबतीत सगळं जग एकमताचं आहे.

सुळके चांगले हवे असतील तर पाण्याजवळ जाण्याने काही मिळत नाही. उलट पाण्यापासून किमान तीस मीटर मागे, मोबाइलचा दुप्पट झूम लावून काढलेल्या चौकटीत सुळके मोठे दिसतात; जवळून रुंद भिंगाने काढले तर ते काडेपेटीएवढे होतात. काळ्या वाळूमुळे फोन फसतो, दृश्य अंधारं समजून सगळं राखाडी करून टाकतो. पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढला की वाळू काळी येते. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उंच करू नका. डोंगराच्या अगदी पायथ्याशीही रेंगाळायचं नाही, 2019 च्या ऑगस्टमध्ये तिथे दरड कोसळली होती. आणि लाल दिवा असेल तर दिरहोलाएच्या टेकाडावर जा. तिथून अख्खा किनारा आणि सुळके एका नजरेत येतात. मे-जूनमध्ये पक्ष्यांच्या विणीमुळे तिथला काही भाग बंद असू शकतो, तेवढं आदल्या दिवशी बघून ठेवावं. पफिन हे समुद्रपक्षी मेपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दिसतात. सप्टेंबरात पफिन शोधणाऱ्यांना फक्त विष्ठेचे पांढरे डाग मिळतात.

वीकच्या पुढे रस्ता 1783 सालच्या लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकातल्या लाव्हातून जातो, सगळा शेवाळाने झाकलेला. शेवाळ मऊ दिसतं म्हणून त्यावर लोळू नका, पावलाचा ठसा वर्षानुवर्षं राहतो. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर वारा मीटर प्रतिसेकंदात असतो, त्याला 3.6 ने गुणलं की आपल्या सवयीचा ताशी वेग निघतो. पंधरा मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे गाडी जपून, वीसच्या पुढे उंच कॅम्पर गाडीने निघूच नये. आकडा सरासरीचा असतो, झोत वेगळा. डोंगराच्या कुशीत, विशेषतः एयाफ्यात्लायोकुलच्या पायथ्याशी, झोत एकदम बाजूने बसतात. एकपदरी पूल बरेच आहेत. जो पुलाच्या जवळ, तो आधी. पेट्रोल वीकमध्ये आणि किर्क्युबायर्क्लाऊस्तुरमध्ये भरून घ्या. रात्रीचे पंप माणसाविना चालतात आणि कार्डाचा चार आकडी पिन मागतात. पिन आठवत नसेल तर कार्ड असून नसल्यासारखं. पार्किंगचे कॅमेरे नंबरप्लेट टिपतात; पैसे न भरता निघालात तर बिल गाडी कंपनीकडे जातं आणि तिचा दंड वर चढतो. शाकाहाऱ्यांनी सुपरमार्केटचा आसरा धरावा. स्कीर नावाचा पदार्थ आपल्या चक्क्याच्या जवळचा आहे, साखर घालून खा.

योकुल्सारलोनला वारा आणि भरती-ओहोटी दोन्ही बघायची. हे तळं 1930 च्या दशकात हिमनदी मागे सरकू लागल्यावर तयार झालं आणि आता देशातलं सर्वांत खोल आहे. हिमनग पुलाखालून समुद्रात जातात, लाटा त्यांतले काही काळ्या वाळूवर परत टाकतात. भरती ओसरताना गेलात तर वाळूवर ठोकळे सापडण्याची शक्यता जास्त. काही दिवशी एकही नसतो, आणि त्यावर इलाज नाही. तळं समुद्राला मिळतं त्या मुखाच्या दोन्ही बाजूंना पार्किंग आहे. एका काठावर काही नसलं तर पूल ओलांडून दुसरा बघायचा. नुकता उलटलेला हिमनग गडद निळा असतो, कारण दाबाखाली हवेचे बुडबुडे निघून गेलेले असतात. उन्हात राहिलेला पृष्ठभाग भेगाळून पांढरा पडतो. निळा रंग ढगाळ दिवशी जास्त खुलतो, त्यामुळे ऊन नाही म्हणून हिरमुसू नका. ठोकळ्यावर चढून बसायचा मोह होतो. तो ओला, गुळगुळीत आणि खालून वितळलेला असतो, लाट आली की गडगडतो. इथेही पाठ समुद्राकडे करायची नाही.