तुम्ही विचारलंत म्हणून: भाजीतून गोळी देऊ का?

माझे दीर दारूतून बाहेर आले, हे नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या ओळखीपाळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे लग्नात, हळदीकुंकवात कोणीतरी मला बाजूला घेतंच. "ताई, यांना न सांगता भाजीत टाकायची गोळी असते म्हणे. देऊ का?"

नका देऊ. विचारणारीचा जीव किती मेटाकुटीला आलेला असतो ते मी घरात पाहिलंय, तरीही नका देऊ.

डॉक्टर दारूसाठी जी डायसल्फिरामची गोळी देतात, ती दारूची ओढ कमी करत नाही. दारूपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, ते ही गोळी पुढे पचू देत नाही. मग प्यायल्यावर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय आधीच कमजोर असेल तर जीवावर बेततं. म्हणून आधी तपासण्या होतात, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास जाऊ देतात, आणि अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, द्राक्षासवसुद्धा टाळायला सांगतात. गोळी थांबवल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला यातलं काहीच माहीत नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा पिणारच ना? शिवाय दारूत संशय वाढतो. बायको जेवणात काही कालवते हे एकदा कळलं, की तो घरचं ताट दूर सारणार. पुढे डॉक्टरांनी दिलेली गोळी तो तुमच्या हातून घेईल का?

आता गंमत बघा, हीच गोळी घरच्यांच्या समोर, राजीखुशीने घेतली तर तिचा उपयोग वाढतो. आमच्याकडे सकाळी चहाआधी माझी जाऊ गोळी आणि पाण्याचा पेला ओट्यावर ठेवायची. भाऊजी तिच्यासमोर गोळी गिळायचे. ठरलं होतं ते एवढंच. त्याच्या बदल्यात दिवसभर तोंडाचा वास घेणं नाही, खिसे तपासणं नाही, जुनं उकरून काढणं नाही. हे पाळणं तिला गोळी देण्यापेक्षा जड गेलं, कारण तिच्या मनात कित्येक वर्षांचा राग होता, आणि तो खराच होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, घरात बाटली आणायची नाही, हे मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. पाहुणे रुसले. रुसू दिले.

कोणी म्हणतं, खोलीत कोंडून ठेवू, आपोआप सुटेल. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हातपाय थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होऊ शकतो. हे दवाखान्यात निस्तरायचं काम आहे.

"पण तो डॉक्टरकडे यायलाच तयार नाही!" ठीक आहे, मग तुम्ही जा. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या मानसोपचार ओपीडीत एकट्याने गेलात तरी चालतं. जाऊही आधी एकटीच गेली होती, स्वतःची झोप उडाली म्हणून. घराबाहेर पडणंच जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुमच्या झोपेबद्दल, धास्तीबद्दलही तिथे बोला. त्याच्याबद्दल नंतर बोललात तरी चालेल.