माथेरानचा तबेला आणि माझे फुटलेले हात

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी मी चांदणीच्या नाकपुडीवरून हात फिरवला आणि तिने मान झटकून बाजूला घेतली. घोड्याचं नाक फार मऊ असतं. माझ्या तळव्याच्या कडा तिला टोचल्या होत्या. त्याआधी पंधरा दिवस हात दुखत होते, रक्त येत होतं, भाकरी थापताना पीठ भेगांत जाऊन जीव जात होता. पण दवाखान्यात जावं असं वाटलं ते त्या सकाळी.

लग्न होऊन माथेरानला आले त्याला नऊ वर्षं झाली. आमचे चार घोडे. गावात मोटारींना बंदी, त्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, तिथून पर्यटकांना वर आणायला घरचे पुरुष घोडे घेऊन जातात. ई-रिक्षा आल्या तरी आमचं पोट घोड्यांवरच आहे. तबेला माझ्याकडे. पहाटे पाचला लीद उचलायची, मुताने भिजलेला भुसा काढायचा, फरशी धुवायची, कोरड्या जागी चुन्याची भुकटी टाकायची, मग पाणी, चंदी, गवत. घोडे परतले की खरारा, खूर साफ करणं, दोर-लगाम पुसणं. दिवसातून वीसेक वेळा तरी हात ओले होतात आणि तेवढ्याच वेळा वाऱ्यावर वाळतात. त्यात इथली लाल माती भेगेत शिरली की साबणानेही निघत नाही.

पावसाळ्यात हात पांढरे, फुगलेले असतात, पण फुटत नाहीत. दिवाळीनंतर कोरडं वारं सुटलं की अंगठ्याच्या पेरापासून सुरुवात होते. मी दरवर्षी तेच करायची: कढत पाण्यात हात बुडवून ठेवायचे, कपड्याच्या साबणाच्या वडीने घासायचे, वरून लिंबू चोळायचं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. यंदा उजव्या अंगठ्याची भेग पिकली.

कर्जतच्या त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंनी आधी धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते विचारलं. मला आठवेना. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि माझ्या दोन्ही हातांवर उघड्या जखमा होत्या. इंजेक्शन तिथेच दिलं. तबेल्यात काम करणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे आता सांगत असते, क्रीमच्या आधी. मग त्यांनी घोड्यांच्या अंगावर कुठे केस गेलेले गोल चट्टे आहेत का, असं विचारलं. उन्हाळ्यात एका घोड्याला गजकर्ण झालं होतं आणि ते माणसाला लागतं, म्हणून त्यांनी कातडीचा खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशी नव्हती. पिकलेल्या भेगेला जंतुनाशक मलम मिळालं, आणि बाकी हातांच्या सुजेसाठी दोन आठवड्यांचं वेगळं मलम. ते पुढे मनाने चालू ठेवायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

पण खरी गोष्ट कळली ती त्यांनी दिवसाचं काम तपशिलाने विचारलं तेव्हा. चुना म्हटल्यावर त्या थांबल्या. चुना आणि कपड्याचा साबण, दोन्ही क्षारी. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते आणि तिच्यावर तेलाचा पातळ थर असतो. चुना तो थर खातो, साबण उरलेला धुतो, भुसा राहिलेलं तेल शोषून घेतो, आणि कढत पाण्याने तर तो वितळूनच जातो. लिंबाची तर उघड्या भेगेवर नुसती आगच होते. नऊ वर्षं मी रोज तेच हात मोडत होते आणि हिवाळ्याला दोष देत होते.

हातमोज्यांचं गणित जमायला सर्वांत वेळ लागला. पहिले तीन दिवस नुसते रबरी घातले. आत घाम साचून कातडी पावसाळ्यासारखी भिजली आणि आणखी फुटली. मग आत पातळ सुती मोजे, वर रबरी, असं केलं. सुती मोज्यांचे सहा जोड घेतले. ओला झाला की बदलायचा, अर्ध्या तासाने हात मोकळे करायचे. चुना टाकताना मोजे अगदी कोरडे हवेत, कारण ओल्या मोज्यात भुकटी गेली तर ती हातावरच बसते. दोर ओढायला जाड कातडी मोजे. खरारा मात्र मी उघड्या हातानेच करते. घोड्याच्या अंगावरची गाठ, ओरखडा, गोचीड मोज्यातून कळत नाही.

साबण बदलला, पाणी कोमट केलं. हात धुतले की टिपायचे, पुसून घासायचे नाहीत, आणि ओल आहे तोवरच पेट्रोलियम जेली लावायची. तबेल्याच्या खुंटीला डबी टांगून ठेवली, नाहीतर घरात जाऊन लावू म्हणताना राहून जातं. भेगा मिटल्यावर 10 टक्के युरियाचं क्रीम सुरू केलं. आधी लावलं असतं तर झोंबलं असतं.

रात्रीचा उपाय आईचा. माझं माहेर श्रीवर्धनकडचं. कोकमाच्या बियांचं तेल काढून मुठीने वळलेला गोळा, आमच्याकडे त्याला मुठेल म्हणतात, आईने दोन गोळे पाठवले. फोनवर म्हणाली, "बाय, दिव्यावर वितळव आणि थेंब थेंब भेगेत सोड. वरून चोळू नको." मुठेल थंडीत दगडासारखं असतं, पण अंगाच्या उबेला मऊ पडतं आणि भेगेत घट्ट बसतं. डॉक्टर बाईंना दाखवलं. जखम पिकलेली नसेल तर खुशाल लावा म्हणाल्या. त्यावर जुने सुती पायमोजे हातात चढवून झोपायचं. सकाळी तळवे लोण्यासारखे नव्हते, पण मूठ वळत होती. कितीतरी दिवसांनी.

दुखणं दहा-बारा दिवसांत गेलं. भेगा भरायला दीड महिना लागला. घट्टे मी घालवले नाहीत, ते हवेतच, दोर धरायला तेच उपयोगी पडतात. फक्त त्यांच्या कडा आठवड्यातून एकदा आंघोळीनंतर वजरीने हलक्या हाताने सपाट करते, कारण भेग कडेपासूनच सुरू होते. माघात दोन दिवस पाहुणे होते, मोजे घालायचे राहिले, आणि अंगठा पुन्हा फुटला. दोन दिवसच पुरले.

फाल्गुनात चांदणीला नाल मारले. दुसऱ्या पहाटे खूर साफ करताना मी सवयीने चारही खुरांवर हात ठेवला. पुढचा डावा इतर तिघांपेक्षा उबदार होता. फार नाही, चहाचा कप बाहेरून लागतो तेवढा. चालीत काही दिसत नव्हतं, सासरे म्हणाले, ठीक आहे, जाऊ दे तिला. मी म्हटलं, "आबा, तुम्ही हात लावून बघा." त्यांनी लावला आणि नालबंदाला बोलावलं. एक खिळा आत नाजूक भागाला दाबत होता. तो काढला, मिठाच्या कोमट पाण्यात खूर धरला. चांदणी त्या दिवशी दस्तुरीला गेली नाही. दुपारभर माझ्या खांद्यापाशी नाक लावून उभी होती.