बाराच्या बारा

आमच्या औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर जाड काच आहे. तिच्याखाली एरवी कंपन्यांची कॅलेंडरं, शनिवारी येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या वेळा आणि कोणीतरी विसरून गेलेली एक चिठ्ठी असते. सध्या तिथे बारा चौकोनी काळे-पांढरे फोटो आहेत. त्यामुळे तापाची गोळी घ्यायला आलेलं माणूस वीस मिनिटं हलत नाही.

फोटो माशेलच्या चिखलकाल्याचे, म्हणजे आमच्या गोव्यातल्या गावी चिखलात खेळायच्या उत्सवाचे. कॅमेरा मामाचा. बारापैकी धड म्हणावेत असे चार. मग बाकीचे आठ कशाला लावलेस, हे दिवसातून दोनदा तरी कोणी ना कोणी विचारतंच. त्याचं उत्तर गेल्या वर्षीचं आहे, पण आधी कॅमेरा.

आग्फा क्लिक थ्री. नाव जर्मन, पण हा बडोद्यात बनलेला. मामा म्हणतो, मास्तरकीच्या पहिल्या पगारातून घेतला. आजी होती तोवर सांगायची, की कुळागरातल्या, म्हणजे बागेतल्या, सुपारीच्या पैशांतून घेतला आणि मास्तरकी त्यानंतर वर्षाने लागली. या वादाचा निकाल आता लागणार नाही. कॅमेऱ्यात सेल नाही, उजेड मोजायचं मीटर नाही, फोकस करायची सोय नाही. शटरचा वेग एकच, सेकंदाचा पन्नासावा भाग किंवा त्याहून थोडा संथ. समोरचं माणूस दहा फुटांवर उभं करायचं, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. मामा अजून 'फोटो काढणे' म्हणत नाही, 'खटका ओढणे' म्हणतो.

याला १२० ची फिल्म लागते. कोडॅकने हा आकार १९०१ मध्ये काढला आणि तो आजही तसाच मिळतो. एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो. रोल हजाराच्या घरात जातो, म्हणजे खटक्याला ऐंशी-नव्वद रुपये. मामाच्या काळात उटीच्या कारखान्यातली 'इंदू' फिल्म मिळायची, तिची एक रिकामी डबी त्याने अजून शिवणाच्या सुया ठेवायला वापरली आहे.

कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा भिंगावर बुरशी होती. गोव्यातल्या पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर येते, पापडांवर येते, तशी भिंगावरही येते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू. चामड्याच्या कव्हरात कॅमेरा ठेवणं म्हणजे तिला घर बांधून देणं, हे मामाला कोणी सांगितलं नव्हतं. दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने मी ती पुसली. पुसली गेली, पण काचेवर तिने कोरून ठेवलेल्या खुणा राहिल्या. म्हणून आमच्या फोटोंत उजळ वस्तूंच्या भोवती दुधाळ धूसरपणा दिसतो. तसा धूसरपणा मोबाइलमध्ये एका बोटाने आणता येतो, हे भाच्याने मला दाखवून दिलं आहे. बरं, आणा.

आता चिखलकाला. आषाढी एकादशीला देवकीकृष्णाच्या देवळात अखंड भजन सुरू असतं आणि दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या मैदानात चिखल. हा देव मूळचा चोडणचा. पोर्तुगीजांच्या धाकाने तिथून मयेला गेला आणि मयेहून माशेलला आला. देवकीच्या कडेवर बाळकृष्ण अशी मूर्ती आहे. म्हणून की काय कोण जाणे, पण त्या दिवशी साठीचे पुरुषसुद्धा आईने अंगणात मोकळं सोडल्यासारखे वागतात. अंगाला तेल लावायचं, देवदर्शन घ्यायचं आणि 'जय विठ्ठल हरी विठ्ठल' म्हणत चिखलात उडी घ्यायची. आंधळी कोशिंबीर, चेंडूफळी, बेडूकउड्या. मोठी माणसं वरून प्रसाद फेकतात, तो झेलायला झुंबड. पाऊस नसेल तर लोक हिरमुसतात.

फोटोसाठी हा दिवस वाईट आणि या कॅमेऱ्यासाठी उत्तम. हा कॅमेरा बनला तेव्हाच्या फिल्मा संथ होत्या, त्यांना भरपूर ऊन लागायचं. मी त्यात ४०० ची घालते, म्हणजे कमी उजेडातही चालणारी वेगवान फिल्म. एप्रिलच्या उन्हात ती पांढरीफटक पडते, पण आषाढातल्या काळवंडलेल्या उजेडात दोघांचं नेमकं जुळतं. मोठे कॅमेरे प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आलेले फोटोग्राफर मैदानाच्या कडेला आडोसा शोधत होते. मी छत्री मानेत धरून उभी होते. माझ्या कॅमेऱ्यात भिजून बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

पहिले तीन फोटो छत्र्यांचे. तिन्ही एकसारखे, ते सोडा.

चौथा धड आहे. पाच जण एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, डोक्यापासून पायापर्यंत चिखल, पांढरे फक्त दात. उजवीकडच्याने एक हात वर केलाय. पाचव्यात भिंगावर पावसाचा थेंब, त्यामुळे अर्धं देऊळ विरघळलेलं.

सहावा ही चूक आहे, आणि बारांत मला सगळ्यात आवडतो तो. या कॅमेऱ्यात फिल्म पुढे ओढायची चकती वेगळी आणि खटका वेगळा; एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. देवळासमोरच्या दीपस्तंभाचा फोटो काढला, तेवढ्यात कोणीतरी धक्का दिला, चकती फिरवायची राहिली आणि त्याच जागेवर आंधळी कोशिंबीर खेळणारा माणूस आला. आता तो डोळ्यांवर फडकं बांधून, हात पसरून थेट दीपस्तंभाच्या पोटातून चालतो आहे. सातवा पूर्ण काळा. का, ते मला आजही माहीत नाही.

नववा सांगण्यासारखा आहे. कॅमेऱ्याच्या पाठीवर छोटी तांबडी खिडकी असते, तिच्यातून फिल्मच्या कागदावरचा आकडा बघत फिल्म पुढे न्यायची. काच तांबडीच का, तर पूर्वीच्या बऱ्याच फिल्मांना तांबडा उजेड दिसतच नसे. आजच्या फिल्मेला सगळे रंग दिसतात. मी त्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावते. पावसात ती सुटली. उजेड आत गेला आणि नऊचा आकडा एका आजोबांच्या छातीवर उमटला. खेळाडूच्या बनियनवर नंबर असावा तसा.

बारावा मामाने ओढलाय. त्याच्याबद्दल शेवटी.

फिल्म मी घरीच धुते, न्हाणीघरात. औषधवाली असल्याने एवढं कळतं. डी-७६ नावाचं डेव्हलपर आहे, त्यात मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स. यातलं हायड्रोक्विनोन काउंटरवर रोज भेटतं, गोरं करणाऱ्या मलमांत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देऊ नये आणि लोक चिठ्ठीशिवायच मागतात. कातडीवर जे डाग फिके करतं, तेच फिल्मवरची उजेड लागलेली चांदी काळी करतं. एका मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती मलम न घेताच गेली. धंदा बुडाला, पण असो.

खरी कसरत पाण्याची. पुस्तकात २० अंश लिहिलेलं असतं आणि आमच्या नळाला जुलैतही सत्तावीसच्या आसपास. मग बादलीत बर्फ. शेजारच्या मासळीवालीकडून आणते. तिला वाटतं, आमच्याकडे रोज पाहुणे असतात. फिल्म धुवायच्या बंद टाकीत अर्धा लिटर डेव्हलपर, मिनिटामिनिटाला उलटसुलट, मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग धुणं. शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड, म्हणजे वाळताना डाग पडत नाहीत. वाळायला मात्र कपड्यांसारखीच पूर्ण रात्र. पावसाळ्याचा एक फायदा आहे: हवेत धूळ नसते. दमट हवेत फिल्म सुरळीही होत नाही, सरळ लोंबते, शहाण्यासारखी.

तर गेल्या वर्षी याच पद्धतीने रोल धुतला आणि बारातले दोन निवडले. दोन्ही उत्तम, उसळलेला चिखल वगैरे. वाड्याच्या वॉट्सॲप ग्रुपवर टाकले, अंगठे आले, फुलं आली, मी खूश. बाकीचे दहा निगेटिव्ह पाकिटात घालून कपाटात.

चतुर्थी होऊन पंधरा दिवस झाले असतील. एक बाई दुकानात आल्या. नेहमीच्या, दर महिन्याला यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायच्या. त्या दिवशी गोळ्या मागितल्या नाहीत. उलट तीन न फोडलेल्या पट्ट्या काउंटरवर ठेवल्या, कोणाला तरी द्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काल्याक तूं फोटो काडटालें न्हय गो? हे सदांच पांवड्यार उबे रावताले."

यजमान दरवर्षी देवळाच्या पायरीवर उभे राहायचे. स्वतः कधी चिखलात उतरले नाहीत. नुसते बघायचे.

मी घरी जाऊन पाकीट काढलं. दहाव्या निगेटिव्हच्या अगदी कडेला, तिरक्या पायरीवर, छत्रीमागे अर्धा चेहरा झाकलेले ते होते. फोटो हललेला. मधोमध एका पोराची पाठ, दुसरं काही नाही. मी तो बाद ठरवला होता, आणि शपथेवर सांगते, आजही निवडायला बसले तर बादच ठरवीन. फोंड्यातल्या स्टुडिओत मोठा करून त्यांना दिला. त्या बराच वेळ चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या. छत्रीच्या दांड्याकडे बघत होत्या. दांडा मोडला होता आणि त्याला त्यांनीच सुतळी गुंडाळून दिली होती. फोटोत सुतळी दिसत होती.

म्हणून यंदा बाराच्या बारा काचेखाली. काळा पडलेला सातवासुद्धा, नाहीतर आकडे जुळत नाहीत.

मला वाटलं होतं, लोक येतील, आपला फोटो ओळखतील, नेतील. पण चिखलकाल्यातला माणूस ओळखायचा कसा? सगळे एकाच मातीचे. चौथ्या फोटोतल्या मधल्या पोरावर तीन घरांनी हक्क सांगितला. एका आईने तर भांडणच काढलं.

"हो म्हजो. ताचे कान पळय."

"सगल्यांचे कान तशेच," दुसरी म्हणाली.

"आवयक कळना जाल्यार कोणाक कळटलें?"

शेवटी पोराला शाळेतून परस्पर बोलावून घेतलं. त्याने दोन मिनिटं निरखून सांगितलं, की तो मी नाही, मी पाचव्यात आहे, विरघळलेल्या देवळाच्या बाजूला. आईला ते पटलेलं नाही. चौथ्याची प्रत तिने नेली, पाचव्याचीही नेली.

आठव्यात बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर आहे, ते चिखलाला घाबरून रडतंय. आता ते रोज संध्याकाळी येऊन स्वतःला रडताना बघतं आणि हसतं. दहाव्यातला एक तरुण मात्र तोंड लपवत आला. त्या दिवशी त्याने कामावर ताप म्हणून रजा टाकली होती आणि त्याचे साहेब आमच्याकडूनच मधुमेहाच्या गोळ्या नेतात. चिखलात तू ओळखू येत नाहीस, मी म्हटलं. "पोट ओळखूं येता," तो म्हणाला. खरं होतं. त्याच्यावर मी कॅलामाइन लोशनचं स्टिकर चिकटवलं आहे. बाराच्या बारा दाखवायचे म्हणजे कोणाची नोकरी घालवायची असं नाही.

नऊ नंबरच्या आजोबांना छातीवरचा आकडा इतका आवडला, की चूक कशी झाली हे मी समजावू लागले तर त्यांनी ऐकून घेतलं नाही. जाणूनबुजून केलंस असंच ते सगळ्यांना सांगतात.

मामाला गेल्या रविवारी रिक्षाने आणला. ब्याऐंशी वर्षांचा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण भिंग घेऊन एकेक फोटो बघितला. चौथ्याबद्दल बोलला नाही, सहाव्याला मान हलवली. बाराव्यावर थांबला. हा त्याने देवळाच्या पायरीवरून ओढलेला. मी चिखलाच्या कडेला उभी आहे, छत्री मानेत, आणि फोटोचा डावा अर्धा भाग एका मोठ्या करड्या ढगाने खाल्लाय.

"हें म्हजें बोट," तो म्हणाला.

मग म्हणाला, की १९७१ सालच्या माझ्या आईच्या लग्नातल्या फोटोंतही हेच बोट आहे, घरी येऊन बघ. मी बघितलं. आहे. त्याच कोपऱ्यात.

बाराव्याची प्रत त्याने फुकट नेली. बाकीच्यांना छपाईचे तीस रुपये पडतात. बहुतेक सगळे आपापल्या घरी गेले आहेत. फक्त चौथ्यातला उजवीकडचा, हात वर केलेला, अजून कोणी आपला म्हणून सांगितलेला नाही. डाव्या मनगटावर गंडा आहे आणि पुढचा एक दात अर्धा तुटलेला. दुकान रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, दुपारी एक ते चार बंद.