डिसेंबरात गळणारा माळा

मी पत्रा, फॉल्स सीलिंग, इन्सुलेशन अशी कामं घेतो. डिसेंबरच्या मध्यात नारायण पेठेतून एका काकांचा फोन आला, म्हणे "अहो, वरचा माळा गळतोय". मी म्हणलं काका, डिसेंबरात? पाऊस तर कधीच गेला. तर म्हणे "तेच तर, म्हणून तुम्हाला फोन केला, पावसाळ्यात गळला असता तर पत्रेवाल्याला केला असता."

जुनं घर, कौलं काढून पत्रा टाकलेला, आणि अडगळीच्या माळ्याची पोराच्या वर्क फ्रॉम होमसाठी खोली केलेली. पत्र्याखाली मोकळी पोकळी, मग ग्लासवूल म्हणजे काचेच्या तंतूंची गादी, मग जिप्समचं सीलिंग, त्यात गोल एलईडी. त्या एलईडीच्या कडेनं पिवळे डाग आणि खाली टेबलावर थेंब. वर पाण्याची लाइन नाही, टाकी पण नाही. माझ्या आधी एक वॉटरप्रूफिंगवाला येऊन गेलेला, त्यानं सगळे स्क्रू सीलंटनं भरायचं आणि वरून कोटिंग मारायचं कोटेशन दिलेलं. काकांनी ते घडी घालून कालनिर्णयमागं ठेवलेलं.

आणि खरी गोष्ट त्या कालनिर्णयवरच होती. काका रिटायर्ड, सवय लिहून ठेवायची. ज्या सकाळी गळलं त्या तारखेला निळी फुली, खाली पेपरातलं शिवाजीनगरचं किमान तापमान. मी नुसतं बघत बसलो, कारण सगळ्या फुल्या थंडीच्या रात्रींवर, आणि मधेच एक पट्टा एकदम कोरा. मी विचारलं या दिवसांत काय झालं होतं? काकू आतनं म्हणाल्या, "तेव्हा नुसतं मळभ होतं हो, पापड वाळेनात." मला तिथंच कळलं पाणी कुठनं येतंय, पण नुसतं सांगून काकांना पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी गेलो. एक सीलिंगची प्लेट काढून टॉर्च घेऊन डोकं वर घातलं तर पत्र्याची आतली बाजू घामेजलेली, थेंब उतारावरनं घरंगळत आडव्या पाइपापाशी गोळा होऊन खाली वूलवर टपटप. आतला पत्रा चकचकीत, तिथं टेंपरेचर गन सरळ खोटं बोलते, म्हणून काळी टेप चिकटवून तिच्यावर रिडिंग घेतलं. पत्रा 8 डिग्री. खाली खोलीत 22 डिग्री आणि ह्युमिडिटी 65 टक्के. अशी हवा साधारण 15 डिग्रीला आली की पाणी सोडायला लागते, आणि इथं तर पत्रा 8 ला. थंड तांब्याबाहेर पाणी सुटतं तोच प्रकार. मळभ असलं की पत्र्याची उष्णता आकाशात तेवढी जात नाही, स्वच्छ रात्री मात्र पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, म्हणून फुल्या तिथंच.

आता एवढी ओल वर आली कुठनं? खाली बाथरूम, गिझर, एक्झॉस्ट नाही, आणि जिना सरळ माळ्यात उघडतो. गरम दमट हवा वर चढणारच, ती जिन्यानं खोलीत आणि खोलीतनं एलईडीच्या भोकांमधनं पोकळीत. पोकळीतनं बाहेर पडायला जागाच नाही, कारण दोन्ही त्रिकोणी भिंतीतले झरोके थर्माकोल कोंबून बंद. का, तर कबुतरं. आणि एसीची हवा जाते म्हणून. अहो पण एसी सीलिंगच्या खाली, झरोके सीलिंगच्या वर, त्याची हवा कुठं जाणार तिथनं.

मजा म्हणजे गेल्या उन्हाळ्यात यांनी जे जे केलं ते सगळं एकेकटं बरोबरच होतं. वूल टाकलं, त्यानं खोलीची ऊब वर जायची थांबली, म्हणजे पत्रा अजून गार. वर पांढरा कूल रूफ पेंट मारला, तो दिवसा ऊन परतवतो हे खरं, पण रात्री तोच पेंट कोऱ्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यापेक्षा जास्त उष्णता आकाशात फेकतो. काकांना हे सांगितलं तर म्हणाले "म्हणजे पैसे देऊन गळती आणली." मी गप्प बसलो, पुण्यात असल्या वाक्याला उत्तर द्यायचं नसतं.

पेंट तसाच ठेवला, उन्हाळ्यासाठी तो हवाच. थर्माकोल काढून झरोक्यांना बारीक स्टीलची जाळी लावली, आता कबुतर येत नाही पण वारा आरपार जातो. भिजलेलं ग्लासवूल सगळं फेकलं, एकदा दबलं की त्याच्यात अडकलेली हवा जाते आणि इन्सुलेशन म्हणून उपयोग शून्य. भवानी पेठेतनं रॉकवूल आणलं, म्हणजे दगडाच्या तंतूंची तशीच गादी. एलईडीची भोकं बुजवून लाइट सीलिंगच्या खालून बसवले, बाथरूमला एक्झॉस्ट. ओल अडवायला वूलला लागून प्लास्टिक अंथरा असं मुलाचं म्हणणं होतं, यूट्यूबवर बघितलेलं. बर्फाच्या देशात ठीक आहे, तिथं ओल सहा महिने आतनंच बाहेर जाते. आपल्याकडे थंडीत आतनं वर जाते आणि जूनमध्ये एसी लावला की उलटी बाहेरनं आत येते, मग प्लास्टिक कुठल्या बाजूला टाकणार? त्यापेक्षा भोकं बंद करा आणि पोकळीला वारा द्या.

जानेवारीत फुल्या थांबल्या. मे मध्ये मुलगा एसी 25 वर लावतोय म्हणाला, आधी 18 वर लावून पण डोकं तापायचं. जुलैत पश्चिमेच्या झरोक्यातनं पावसाची झड आत यायला लागली तेव्हा बाहेरनं तिरकी पत्र्याची झडप बसवून दिली. तिचे पैसे काकांनी अजून दिलेले नाहीत, म्हणे ती मूळ कामातच धरायला हवी होती.