मुंबई ते न्यूयॉर्क: आईला घेऊन साडेसत्तावीस तास

मे महिन्यात आईला घेऊन ताईकडे न्यू जर्सीला जाऊन आलो. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात, गोळ्या वेळच्या वेळी लागतात. निघण्याआधी जो तो एकच विचारायचा, "विमान किती तासांचं?" मुंबई ते न्यूयॉर्क विमान १६ तासांचं, पण पुण्यातल्या घरापासून ताईच्या दारापर्यंत आम्हाला साडेसत्तावीस तास लागले. म्हाताऱ्या माणसाची तयारी या दुसऱ्या आकड्याची करावी.

पुण्याहून संध्याकाळी ५ ला टॅक्सीने निघालो, ९ ला मुंबईच्या टर्मिनल २ वर. रात्री दीडला उड्डाण, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर तिथले सकाळचे ८. इमिग्रेशनची रांग, सामान, मग गाडीने ताईच्या गावी, एडिसनला. ताईच्या दारात ११ वाजले. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ. न्यू जर्सीला जाणाऱ्यांनी नेवार्कचं तिकीट मिळतंय का ते आधी बघावं, एडिसनला तो विमानतळ जवळ पडतो.

समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघून आई म्हणाली, "अरे, अमेरिका पश्चिमेला ना? मग हे वर कुठे निघालंय?" ताईकडे गेल्यावर भाचीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवला. मुंबई आणि न्यूयॉर्कवर टोकं दाबून धरली की दोरा आपोआप वर सरकतो, स्कँडिनेव्हियावरून, आइसलँडच्या जवळून जातो. तेच सर्वात जवळचं अंतर, साधारण १२,५५० किलोमीटर. विमानं हवामान आणि हवाई हद्दी बघून थोडी इकडेतिकडे जातात.

दुबईमार्गे गेलात तर १,९३० अधिक सुमारे ११,०००, म्हणजे जेमतेम चारशे किलोमीटर जास्त. वेळ वाढतो तो मधल्या थांब्यामुळे. सोबत वयस्कर कुणी असेल तर दोन पैसे जास्त मोजून थेट विमान घ्या. तसं जमलं नाही, तर मध्ये तीन तास तरी ठेवा. व्हीलचेअर असली की उतरायला हमखास उशीर होतो. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा.

गोळ्या हातातल्या पिशवीतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आईने मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे विमानात गोळ्या त्याच घड्याळाने घेतल्या. एकही चुकली नाही. दर दीड-दोन तासांनी तिला मधल्या वाटेत चालवत होतो, म्हणून पायांना सूज फारशी आली नाही. कढीपत्ता आणि ताजी फळं नेऊ नका. चकल्या-लाडू नेलेत तर उतरल्यावर कस्टमवाले विचारतील तेव्हा सरळ सांगा.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा, नोव्हेंबर ते मार्च साडेदहाचा. आमच्या विमानाची जाताना तारीख बदलली नाही, येताना बदलली. आमचा चुलतभाऊ आम्ही निघालो त्याच तारखेला मुंबईला न्यायला आला आणि एक दिवस ताटकळला. उतरण्याची तारीख घरच्यांना लिहून कळवा.

परतताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे साडेचौदा तासांतच पोचलो. पण पूर्वेकडे आल्यावर झोपेची घडी जास्त विस्कटते. आई आठवडाभर रात्री तीनला उठून बसायची. दुपारी तिला झोपू न देता खाली बागेत फिरवत होतो, तेव्हा कुठे आठव्या दिवशी ती सकाळी सहापर्यंत झोपली.