तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजी चांगलं असेल तर स्पॅनिश सोपं जातं का?

कॉलेजात दुसरी भाषा म्हणून स्पॅनिश घेतलेली मुलं मला हा प्रश्न नेहमी विचारतात. विचारणारी मुलं अगदी कोरी नसतात. नाव-गाव सांगता येतं, वेळ सांगता येते, वर्तमानकाळ बऱ्यापैकी चालतो, आणि आता त्यांना पुढच्या वर्गात बसायचं असतं. युरोप परिषदेने २००१ साली भाषाशिक्षणाची जी सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली, तिच्यातली ही दुसरी पायरी, ए-टू. माझं उत्तर असं की पहिल्या पायरीवर इंग्रजी हात देतं, दुसऱ्या पायरीवर तेच आडवं येतं. आणि तिथे शाळेत नाक मुरडत शिकलेलं मराठी व्याकरण उपयोगी पडतं. हे ऐकून मुलं हसतात, पण मी गंमत करत नसते.

इंग्रजीचं देणं नाकारायचं कारण नाही. लिपी ओळखीची आणि लॅटिनमधून दोन्हीकडे आलेले शब्द ढिगाने. 'इन्फॉर्मेशन'चं 'इन्फोर्मासिओन' होतं, 'युनिव्हर्सिटी'चं 'उनिबेर्सिदाद'. शेवट बदलला की शब्द तयार, ही युक्ती पहिल्या काही महिन्यांत फार आनंद देते. 'एक्सितो' म्हणजे एक्झिट नव्हे तर यश, असे फसवे शब्दही असतात, पण त्यांच्या याद्या सगळीकडे मिळतात, मी त्यात भर घालत नाही.

उच्चारात मात्र नुकसान पहिल्याच दिवशी होतं. इंग्रजीतल्या 'टी'ला आपण ट म्हणायला शिकलो, त्यामुळे रोमन 'टी' दिसला की जीभ आपोआप टाळूकडे वळते आणि 'तोमाते'चं 'टोमाटे' होतं. स्पॅनिशमधला 'टी' हा सरळ दातांवरचा त आहे, 'डी' हा द. प आणि क म्हणताना इंग्रजांसारखी हवाही सोडायची नाही. म्हणजे जे मराठीत जन्मापासून येतं, ते इंग्रजीच्या वाटेने गेल्यामुळे बिघडतं. मी मुलांना सांगते, पहिले काही आठवडे वहीत देवनागरीत लिहा. नंतर सोडून द्या, कारण 'बी' आणि 'व्ही' यांचा आवाज स्पॅनिशमध्ये एकच आहे आणि स्पेलिंग डोळ्यांनीच लक्षात ठेवावं लागतं.

आता व्याकरण. 'गुस्तार' या क्रियापदाशी वर्गात सगळे झगडतात. पाठ्यपुस्तक बहुधा इंग्रजीतून असतं आणि त्यात अर्धं पान समजावणी असते की स्पॅनिशमध्ये वाक्य 'उलटं' असतं, आवडणारी वस्तू कर्ता होते, माणूस बाजूला जातो. हे वाचून हुशार मुलंसुद्धा 'यो गुस्तो' म्हणतात. अहो, 'मे गुस्ता ला कान्सिओन' म्हणजे 'मला गाणं आवडतं', आणि 'मे गुस्तान लास कान्सिओनेस' म्हणजे 'मला गाणी आवडतात'. मी-ला प्रत्यय, क्रियापद गाण्याप्रमाणे बदलणार. यात उलटं काय आहे? उलटं आहे ते इंग्रजी. 'मे पारेसे' म्हणजे मला वाटतं, 'मे दुएले' म्हणजे मला दुखतंय, सगळं याच घडणीचं.

याहून मजेची गोष्ट म्हणजे माणसाच्या आधी लागणारा 'आ'. 'घर पाहिलं' हे 'बी ला कासा', पण 'मारीआला पाहिलं' हे 'बी आ मारीआ'. इंग्रजीत याला जोड नाही, म्हणून पुस्तकात ती स्वतंत्र चौकटीत अपवादासारखी छापलेली असते. आपल्याला मात्र 'ला' कधी लावायचा आणि कधी नाही हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बारकावासुद्धा जुळतो. 'बुस्को उन मेदिको' म्हणजे 'मी डॉक्टर शोधतेय', कुणीही चालेल. 'बुस्को आल मेदिको' म्हणजे 'मी डॉक्टरांना शोधतेय', ठरावीक डॉक्टर, ते आत्ता इथे होते आणि कुठे गेले कोण जाणे. हा फरक इंग्रजीतून समजावताना शिक्षकांना घाम फुटतो.

पण ए-टूची खरी परीक्षा म्हणजे दोन भूतकाळ. वर्तमानकाळात माणूस फक्त स्वतःची ओळख देत राहतो, घडलेलं सांगायचं तर भूतकाळ लागतो आणि स्पॅनिशमध्ये प्रत्येक क्रियापदापाशी निवड करावी लागते. एक 'इन्देफिनीदो', झालं आणि संपलं असं सांगणारा. दुसरा 'इम्पेर्फेक्तो', चालू होतं किंवा नेहमी व्हायचं असं सांगणारा. शाळेतला साधा भूतकाळ आठवा, आणि त्याच्या शेजारचे अपूर्ण आणि रीती भूतकाळ. 'आब्ले' म्हणजे मी बोलले. 'आब्लाबा' म्हणजे मी बोलत होते, किंवा मी बोलायचे. मराठीत ज्याला दोन रूपं आहेत तिथे स्पॅनिशला एक पुरतं, एवढाच फरक.

वर्गात एक उतारा हमखास देतात: लहानपणी आम्ही मोठ्या घरात राहायचो, रोज संध्याकाळी आजी गोष्ट सांगायची, एके दिवशी एक पत्र आलं. क्रियापदांच्या जागी रिकाम्या जागा. बहुतेक मुलं इंग्रजी पुस्तकातली यादी आठवतात: 'रोज', 'नेहमी' आलं की इम्पेर्फेक्तो, 'काल', 'एकदा' आलं की इन्देफिनीदो. ही यादी मला मनापासून आवडत नाही. 'आयेर योबीआ क्वान्दो साली', म्हणजे काल मी निघाले तेव्हा पाऊस पडत होता. वाक्यात 'काल' आहे आणि पावसाला इम्पेर्फेक्तो आहे. यादीवाला इथे अडकतो. जो मनात आधी मराठीत वाक्य म्हणतो, त्याला 'पडत होता' आणि 'निघाले' ऐकू येतं आणि रिकामी जागा भरली जाते.

काही क्रियापदांचा भूतकाळात 'अर्थ बदलतो' असंही पुस्तकं सांगतात. 'साबीआ' म्हणजे मला माहीत होतं, 'सुपे' म्हणजे मला कळलं. 'कोनोसीआ' ओळखत होते, 'कोनोसी' ओळख झाली. आणि माझी आवडती जोडी: 'तेनीआ के इर' म्हणजे मला जायचं होतं, गेले की नाही कोण जाणे. 'तूबे के इर' म्हणजे मला जावं लागलं, म्हणजे गेलेच. इंग्रजी 'हॅड टू'मध्ये हे दोन्ही एकाच पोत्यात भरलेलं असतं, म्हणून त्यांना अर्थ बदलल्यासारखा वाटतो.

मराठीचा कौल प्रत्येक ठिकाणी घेऊ नका, हेही सांगायला हवं. 'होता-होती-होतं' आलं की सावध राहायचं. 'कार्यक्रम छान होता' यात मराठी काहीच सांगत नाही. स्पॅनिशला मात्र विचारावं लागतं की संपलेल्या कार्यक्रमावर शेरा मारताय की तेव्हाचं वातावरण रंगवताय. तसंच मुदतीचं. 'मी तिथे दहा वर्षं राहत होते' हे चांगलं मराठी आहे, पण दहा वर्षं मोजून संपवली म्हटल्यावर स्पॅनिशमध्ये 'बीबी', इम्पेर्फेक्तोतलं 'बीबीआ' नव्हे. आणि अनियमित रूपांना घोकंपट्टीशिवाय इलाज नाही: 'तूबे', 'पूसे', 'पूदे', 'दिखे', 'बीने'. 'फुई' तर 'गेले'ही आणि 'होते'ही.

'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'आहे'ंपुढे मराठी आणि इंग्रजी सारखीच हतबल. काही मुलांना आहे-असतो या जोडीचा मोह होतो, पण तो टाळावा, ती जोडी वेगळं काम करते. 'कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार' हा वर्गातला नियमही फार विश्वासाचा नाही. मेलेल्या माणसाला 'एस्ता मुएर्तो' म्हणतात, म्हणजे एस्तार, आणि मरणाहून कायमचं काय असतं? उलट 'दोन वाजलेत' याला सेर. वस्तू कुठे आहे हे एस्तारने सांगायचं, पण समारंभ कुठे आहे हे सेरने. हे वाचून-ऐकूनच अंगवळणी पडतं.

ए-टूच्या शेवटाकडे अजून एक रूप डोकावतं. 'क्येरो के बेन्गास', म्हणजे तू यावंस अशी माझी इच्छा आहे. इंग्रजीच्या सवयीचा विद्यार्थी इथे 'क्येरो तू बेनीर' असं काहीतरी जुळवतो, जे स्पॅनिशमध्ये नाहीच. 'यावंस' हे विध्यर्थी रूप ज्याच्या कानात आहे, त्याला निदान क्रियापद का बदललं हे समजतं. इच्छा, विनंती, आग्रह एवढ्यापुरतं हे छान चालतं. मग वाक्य येतं 'नो क्रेओ के बेन्गा', ती येईल असं मला वाटत नाही. मराठीत इथे साधा 'येईल' आहे, विध्यर्थाचा मागमूस नाही, पण स्पॅनिशमध्ये नकार आला म्हणून क्रियापद बदलतं. मराठीचा आधार तिथे संपतो, पुढचं बी-वनच्या वर्गात.