चाळीस सेकंदांची शांतता मंजूर करून घेताना

‘संगीत मध्येच बंद पडते’ ही एकच तक्रार सात आठवड्यांत चार वेळा माझ्याकडे परत आली आणि तिची सल अजून गेलेली नाही. मोबाइलवरच्या एका छोट्या गेमला मी संगीत देत होतो. त्यात एक मुलगी रात्री जुन्या बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाते. शेवटच्या टप्प्यावर चाळीस सेकंद संगीत नसावे, हे मी पहिल्याच दिवशी ठरवले होते. चाली, ध्वनिमुद्रण, मिश्रण हे सारे महिनाभरात सुरळीत पार पडले. अडले ते या चाळीस सेकंदांवर.

गेम प्रकाशित करणाऱ्या कंपनीच्या चाचणी विभागाचा तक्ता ठरलेला असतो. एका रकान्यात ‘अपेक्षित: संगीत चालू’, शेजारी ‘प्रत्यक्षात: संगीत नाही’ आणि खाली ‘दोष’ असा शेरा. मी उत्तरादाखल दोन पानी टिपण पाठवले. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ (२००५) या गेममध्ये ओसाड प्रदेशातून घोडा दौडवताना बहुतांश वेळ फक्त वारा आणि टापा ऐकू येतात. म्हणूनच महाकाय प्राणी समोर ठाकल्यावर उसळणारा वाद्यवृंद छातीवर येतो. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मध्ये माळरानावर पियानोचे मोजके, तुटक स्वर येतात आणि मधली जागा निसर्गाच्या आवाजांना मिळते. या टिपणावर उत्तर आले नाही. तिसऱ्या फेरीत मात्र ‘तिथे व्हायोलिनचा एक लांब स्वर भरून टाकावा’ अशी सूचना आली. मला तिचा संताप आला, कारण तो स्वर मुलीला पाणी दिसण्याआधीच खेळणाऱ्याला घाबरवून मोकळा झाला असता.

अखेर मी चाचणी करणाऱ्या मुलाच्या शेजारी बसण्याची परवानगी मागितली, आणि हे पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते. तो पायऱ्या उतरला, संगीत हळूहळू विरले आणि तीन-चार सेकंदांतच त्याचा हात कानावरच्या हेडफोनकडे गेला. त्याने तो दाबून पाहिला, मग स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात ब्लूटूथचे चिन्ह शोधले. त्याचे लक्ष बारवेवरून पूर्ण उडाले होते. मी शांतता म्हणून जे दिले होते ते निव्वळ शून्य होते: ना हवा, ना दगडावरून परतणारा आवाज. अशी शांतता खऱ्या जगात नसते आणि हेडफोनमध्ये ती यंत्र बिघडल्यासारखीच वाटते.

गायक थांबतो तेव्हा तानपुरा चालू असतो, म्हणून त्याचे थांबणे आपल्याला गाण्याचाच भाग वाटते. मला तो तानपुरा हवा होता. साताऱ्याजवळच्या लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे; तिथे पहाटे जाऊन मी पंचवीस मिनिटे ध्वनिमुद्रण केले. आत हवेचा मंद घुमारा होता, एखादा पारवा फडफडला की तो आवाज भिंतींवरून फिरून येई. त्यातला एक तुकडा निवडून तो अगदी हळू आवाजात त्या चाळीस सेकंदांखाली अंथरला. दुसरा बदल याहून महत्त्वाचा होता. संगीत विरत नेण्याऐवजी मी ते समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबवले. अर्ध्या ओळीत विरलेले संगीत तुटल्यासारखे वाटते. समेवर थांबलेले संगीत कोणीतरी थांबवलेले असते.

संगीत गेले की बाकी सगळे उघडे पडते, हे सांगायचे राहिले. मुलीच्या पावलांच्या आवाजाचे मी केवळ चार नमुने वापरले होते. शांततेत त्यांची पुनरावृत्ती लगेच कानात भरली आणि ओल्या दगडावरची नवी चौदा पावले मुद्रित करावी लागली. तसेच, संगीताच्या यादीत शांततेला स्वतंत्र ओळ द्यावी: नाव, सुरुवात, शेवट आणि ‘येथे संगीत हेतुपुरस्सर नाही’ ही नोंद. चाचणी करणारा त्या यादीशीच पडताळणी करत असतो आणि यादीत नसलेली गोष्ट त्याच्या लेखी दोषच ठरते.

पाचव्या फेरीचा तक्ता दोन दिवसांत आला. बारवेच्या ओळीसमोर ‘अपेक्षेप्रमाणे’ असे लिहिले होते. मी ती ओळ दोनदा वाचली, मग हेडफोन लावून स्वतः पायऱ्या उतरलो.